समुद्र कधी उघडतो? हंगामातल्या पहिल्या ट्रायथलॉनच्या तारखेवरून एक धडा

समजा, तुम्ही रत्नागिरीत राहता आणि येत्या हंगामातली पहिली ट्रायथलॉन करायचं ठरवलंय. सायकलचा सराव आरे-वारेच्या चढउतारांवर झालाय. पहाटे थिबा राजवाड्याच्या बाजूने धावणंही चालू आहे. पोहणं मात्र चार महिने फक्त तलावात झालंय. आता सप्टेंबरचा तिसरा आठवडा आहे आणि तुम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर उभे आहात. काजळी नदीने आणलेल्या गाळाने पाणी अजून तांबूस आहे, लाटा किनाऱ्यापासून बऱ्याच आत फुटतायत. प्रश्न साधा आहे : आता समुद्रात उतरायचं का?

चार जणांना विचारा, चार उत्तरं मिळतील. एक म्हणेल, नारळी पौर्णिमा झाली की समुद्र उघडला. दुसरा म्हणेल, बोटी १ ऑगस्टलाच गेल्या की बाहेर. तिसरा हवामान खात्याच्या नकाशाकडे बोट दाखवेल. चौथा म्हणेल, शर्यतीची तारीख जाहीर झालीये ना, मग त्याआधी चार आठवडे उतरायलाच हवं.

हा प्रश्न खेळाचा वाटतो. पण तो इतिहासाचाही आहे, आणि संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना त्यातून बरंच शिकता येतं. कारण 'हंगाम' हा शब्द आपण असा वापरतो, जणू तो निसर्गानेच ठरवून दिलाय. प्रत्यक्षात हंगामाची प्रत्येक तारीख कुणीतरी, कुणासाठी तरी ठरवलेली असते. ती कुणी आणि कुणासाठी ठरवली हे विचारलं, की साधी दिनदर्शिकासुद्धा पुरावा होऊन बसते.

माझं एक चुकलेलं वाक्य

आधी स्वतःची चूक सांगतो. एका टिपणात मी बिनदिक्कत लिहिलं होतं : "कोकणात समुद्राचा हंगाम नारळी पौर्णिमेला सुरू होतो." वाक्य ऐकायला छान होतं. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलने दोनच शब्द लिहिले : "कोणाचा हंगाम?"

तेव्हा मला जरा रागच आला. एवढी सर्वांना माहीत असलेली गोष्ट, तिला कसला पुरावा? पण नंतर लक्षात आलं की 'सर्वांना माहीत असलेली गोष्ट' म्हणजेच जिची तपासणी कुणी केलेली नाही अशी गोष्ट. तुमच्या प्रबंधातही अशी वाक्यं असतीलच. ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर असतात आणि त्यांना तळटीप नसते. शोधून काढा.

एक किनारा, चार दिनदर्शिका

त्या दोन शब्दांचा पाठपुरावा केला तेव्हा एकाच किनाऱ्यावर किमान चार दिनदर्शिका एकाच वेळी चालताना दिसल्या.

पहिली चंद्राची. श्रावण पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो आणि बोटी पाण्यात लोटतो. ही तारीख इंग्रजी महिन्यात पुढेमागे सरकते. २०२२ मध्ये नारळी पौर्णिमा ११ ऑगस्टला होती, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती थेट ३० ऑगस्टला गेली. आणखी एक गंमत बघा. पौर्णिमा म्हणजे उधाणाचा दिवस. पंधरवड्यातली मोठी भरती याच सुमारास येते. म्हणजे समुद्र 'उघडतो' तो दिवस समुद्र शांत असण्याचा नाही. त्या नारळात समुद्र शांत झाल्याच्या घोषणेपेक्षा तो शांत व्हावा ही विनवणी जास्त आहे. आपण मात्र विनवणीला घोषणा समजून बसतो.

दुसरी दिनदर्शिका सरकारची. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. त्याखाली यांत्रिक नौकांना पावसाळ्यात बंदी असते. ती पूर्वी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. 'जे आधी येईल' या तीन शब्दांवर थांबा. सरकारी कागदात पंचांग आणि इंग्रजी कॅलेंडर एकाच वाक्यात बसलेले आहेत! पुढे बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली आणि पंचांग त्या वाक्यातून बाहेर पडलं. या बंदीमागे दोन कारणं सांगितली जातात : माशांच्या प्रजननाला वाव आणि मच्छीमारांची सुरक्षितता. पोहणाऱ्याचा विचार त्यात कुठेच नाही, असायचं कारणही नाही. म्हणून "बोटी गेल्या, आता आपणही उतरू" हा तर्क चुकतो. मिरकरवाड्यातून निघणारा ट्रॉलर ज्या लाटेवरून सहज जातो, तीच लाट पोहणाऱ्याला उलटापालटा करते.

तिसरी दिनदर्शिका हवामान खात्याची. मान्सून येण्या-जाण्याच्या 'सामान्य तारखा' आपण पाठ केलेल्या असतात, पण त्यांनाही इतिहास आहे. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या आणि त्या थेट २०२० पर्यंत वापरात होत्या. २०२० मध्ये त्या नव्याने काढल्या. त्यानुसार मुंबईतून मान्सून परतण्याची सामान्य तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे कागदावर पावसाळा एका फटक्यात नऊ दिवसांनी लांबला. आभाळात त्या वर्षी अचानक काही घडलं नव्हतं. बदलली होती मोजायची फूटपट्टी. उलट टोकाचं उदाहरण २०२५ चं. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मासेमारी बंदी सुरू व्हायला अजून सहा दिवस होते. एका दिनदर्शिकेत पावसाळा सुरू झाला होता, दुसरीत अजून उन्हाळा होता.

चौथी दिनदर्शिका आता फक्त जुन्या कागदांत आणि वयस्कर माणसांच्या आठवणीत उरलीये : आगबोटींची. मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याला जाणारी बोट पावसाळ्यात बंद असे. चाकरमान्याच्या घरी येण्याजाण्याचा हिशेब त्या बोटीवर असायचा. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा जो गॅझेटिअर खंड १८८० मध्ये निघाला, तो वाचताना बंदरं आणि व्यापार यांची प्रकरणं या नजरेने वाचून बघा. उघाडीचे महिने आणि पावसाळ्याचे महिने हा भेद तिथे व्यापारी, प्रवासी आणि जकात यांच्या सोयीने येतो. हवामानाचं वर्णन वाटणारं वाक्य खरं म्हणजे महसुलाचं वाक्य असू शकतं.

कोळी, सरकार, हवामानशास्त्रज्ञ आणि बोट कंपनी : चौघांचा समुद्र एकच, पण तो उघडतो चार वेगवेगळ्या दिवशी.

ट्रायथलॉनचा हंगाम कुठून आला?

आता पाचवी दिनदर्शिका, खेळाची. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, मध्ये न थांबता. या नावाने झालेली पहिली आधुनिक शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे झाली, असं साधारण धरलं जातं. ४६ जणांनी ती पूर्ण केली. त्याआधी १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये तीन खेळांच्या शर्यती होत होत्या. त्यामुळे 'पहिली' या शब्दापुढे 'या नावाने' असं जोडावं लागतं. हीसुद्धा सवय लावून घ्या.

त्या १९७४ च्या शर्यतीत पोहणं शेवटी होतं. शर्यत बुधवारी संध्याकाळी होती, अंधार पडला, आणि मागे राहिलेल्या पोहणाऱ्यांसाठी गाड्यांचे दिवे पाण्यावर सोडावे लागले. आज बहुतेक सगळीकडे पोहणं पहिलं असतं, भल्या सकाळी, माणूस ताजातवाना असताना. तीन खेळांचा क्रम आपण नियम म्हणून पाठ करतो. पण त्या क्रमात थकलेल्या माणसाला अंधारात पाण्यात उतरवू नये हा साधा अनुभव आहे.

'हंगामा'चा सर्वांत बोलका पुरावा हवाईचा आहे. तिथली आयर्नमॅन शर्यत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू झाली. १५ जण निघाले, १२ जणांनी पूर्ण केली. काही वर्षं ती जानेवारी-फेब्रुवारीत होत राहिली. मग १९८२ मध्ये एकाच वर्षात दोनदा झाली, फेब्रुवारीत एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, आणि पुढे ऑक्टोबरच कायम झाला. का? थंड प्रदेशातल्या स्पर्धकांना फेब्रुवारीआधी बर्फातून सराव करता येत नव्हता. ऑक्टोबरआधी त्यांना अख्खा उन्हाळा मिळत होता. हवाईचा समुद्र तोच होता. बदलले होते भाग घेणारे. स्थानिक हौशी लोकांची शर्यत बाहेरून येणाऱ्यांची झाली, आणि ते तारखेत उमटलं.

म्हणूनच युरोप-अमेरिकेतले सरावाचे तक्ते जसेच्या तसे उतरवू नका. त्यांचा हंगाम हिवाळा संपल्यावर सुरू होतो, आपला पावसाळा संपल्यावर. त्यांची पहिली शर्यत थंड पाण्यात असते, म्हणून ते रबरी पोशाख घालतात आणि तो त्यांना तरंगायला मदतही करतो. आयर्नमॅनच्या नियमाप्रमाणे पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की तो पोशाख घालून बक्षिसासाठी स्पर्धा करता येत नाही. ऑक्टोबरातलं आपलं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. तेव्हा ती मदत आपल्याला नाही.

गोव्याच्या पाच तारखा

आता एक छोटा प्रयोग करू. रत्नागिरीच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर पणजीत मिरामारला आयर्नमॅन ७०.३ होते. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. इथल्या अनेकांसाठी पावसाळ्यानंतरची पहिली मोठी शर्यत हीच. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये ती झाली नाही. बाकीच्या तारखा अशा :

• २० ऑक्टोबर २०१९
• १३ नोव्हेंबर २०२२
• ८ ऑक्टोबर २०२३
• २७ ऑक्टोबर २०२४
• ९ नोव्हेंबर २०२५

पाचही रविवार. आता माझं ते चुकलेलं वाक्य या तारखांवर तपासू. हंगाम नारळी पौर्णिमेला सुरू होत असेल, तर शर्यत तिच्यापासून साधारण सारख्या अंतरावर यायला हवी. २०२२ मध्ये अंतर आहे ९४ दिवस. २०२३ मध्ये फक्त ३९ दिवस. आणि गंमत म्हणजे ज्या वर्षी नारळी पौर्णिमा सर्वांत उशिरा आली, त्याच वर्षी शर्यत सर्वांत लवकर झाली! वाक्य पडलं.

दुसरी शक्यता : मान्सून देशातून गेला की शर्यत. २०२३ मध्ये मान्सून संपूर्ण देशातून परतल्याची नोंद १९ ऑक्टोबरची आहे, शर्यत त्याआधी अकरा दिवस. हेही काटेकोरपणे बसत नाही.

तिसरी शक्यता मला फार आवडली होती : भरती-ओहोटी. पंचांग उघडून बसलो. २०१९ ची शर्यत कोजागिरीनंतर सात दिवसांनी. २०२२ ची त्रिपुरी पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी. २०२३ ची सर्वपित्री अमावास्येच्या सहा दिवस आधी. २०२४ ची लक्ष्मीपूजनाच्या पाच दिवस आधी. २०२५ ची त्रिपुरी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी. पाचपैकी एकही तारीख पौर्णिमा-अमावास्येच्या चार दिवसांच्या आत नाही, आणि पाचही कृष्ण पक्षातल्या आहेत!

तुम्हाला माहीत असेलच, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं आणि अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक कमी, म्हणून पाण्याची ओढही कमी. पोहण्याची शर्यत ठेवायला हेच दिवस चांगले. मला वाटलं, सापडलं! आयोजक चंद्र बघून तारीख ठरवतात. एक लेख तर इथेच उभा राहतोय.

चंद्र दोन्हीकडून साक्ष देतो

थांबा. कुठलाही सुंदर नमुना हातात आला की स्वतःला एक प्रश्न विचारायचा : याच नमुन्याचं दुसरं, कंटाळवाणं कारण असू शकतं का?

इथे आहे. दिवाळी. दिवाळीच्या ऐन दिवसांत शर्यत कोण ठेवेल? हॉटेलं, गाड्या, स्वयंसेवक, बंदोबस्त, सगळंच अवघड. आणि स्पर्धकांच्या घरचे काय म्हणतील ते वेगळंच. २०१९, २०२३ आणि २०२४ ची शर्यत दिवाळीआधी झाली. २०२२ आणि २०२५ ची दिवाळीनंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी.

आता हे पंचांगात मांडून बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. त्याआधीचा आठवडा म्हणजे कृष्ण पक्ष. अमावास्येनंतर एकोणीस-वीस दिवस मोजले की पौर्णिमा ओलांडून पुन्हा कृष्ण पक्षच येतो. २०२३ ची शर्यत दिवाळीच्या पाच आठवडे आधीची, म्हणजे एक चांद्रमास आणि वर पाच-सहा दिवस मागे. पुन्हा कृष्ण पक्ष. म्हणजे आयोजकांनी भरती-ओहोटीचा तक्ता उघडला नसता, फक्त दिवाळीपासून सोयीस्कर अंतर राखलं असतं, तरी तारखा बरोबर याच पक्षात पडल्या असत्या.

या किनाऱ्यावर सण चंद्रावर चालतात आणि भरतीही चंद्रावरच चालते. त्यामुळे नुसत्या तारखा बघून माणसाचं कारण आणि समुद्राचं कारण वेगळं काढता येत नाही. साक्षीदार एकच, आणि तो दोन्ही बाजूंनी साक्ष देतोय. संख्याशास्त्र शिकलेले मित्र याला वेगळं नाव देतात, पण इतिहास लिहिणाऱ्याला ते जुन्या काळापासून छळत आलंय.

याचं दुःखद उदाहरण रामदास बोटीचं आहे. १७ जुलै १९४७ ला सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. तो दिवस आषाढ अमावास्येचा, गटारीचा. घरी निघालेल्यांची बोटीवर गर्दी होती. आता बघा, अमावास्येला तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या : सणासाठी घरी जाणारी माणसं आणि उधाणाचा समुद्र, वर भर पावसाळा. कुणी ही गोष्ट गर्दीची म्हणून सांगतो, कुणी समुद्राची म्हणून. नुसत्या तिथीवरून निकाल देता येत नाही. त्यासाठी तारखेच्या पलीकडचे कागद लागतात : चौकशीची कागदपत्रं, वाचलेल्यांच्या जबान्या, बोटीच्या नोंदी. 'गटारी होती म्हणून' किंवा 'अमावास्या होती म्हणून' असं एका वाक्यात उरकणं म्हणजे गेलेल्या माणसांशीही अप्रामाणिकपणा.

चार दिवस मागे, पाच दिवस पुढे

आता २० ऑक्टोबर २०१९ या पहिल्या तारखेकडे परत येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

त्या वर्षी मान्सूनने परतायला विक्रमी उशीर केला. परतीचा प्रवास सुरूच झाला ९ ऑक्टोबरला, आणि संपूर्ण देशातून तो गेल्याची नोंद १६ ऑक्टोबरची. शर्यत झाली चार दिवसांनी, रविवारी २० तारखेला. मग २४ तारखेला अरबी समुद्रात कमी दाबाची प्रणाली जोर धरू लागली आणि २५ ला तिचं चक्रीवादळ झालं : क्यार. हवामान खात्याच्या त्या दिवसांतल्या पत्रकांत वादळाचं अंतर रत्नागिरीपासून मोजलेलं दिसतं, इतकं ते आपल्या दारात होतं. कोकण आणि गोव्याचा समुद्र खवळला, ऐन दिवाळीत पाऊस पडला, कापणीला आलेलं भात भिजलं. पुढे क्यार महाचक्रीवादळ झालं. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं हे पहिलंच.

म्हणजे मागे पावसाळा संपून चार दिवस झाले होते आणि पुढे वादळाला पाच दिवस उरले होते. त्या फटीत पहिली शर्यत पार पडली. तारीख तर कित्येक महिने आधी जाहीर झालेली असते. या दोन गोष्टी तेव्हा कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. आज मागे वळून बघताना 'काय अचूक तारीख निवडली!' असं लिहिण्याचा मोह होतो. इतिहास लिहिणाऱ्याने हा मोह टाळायचा. निकाल ठाऊक असलेल्या माणसाला प्रत्येक निर्णय शहाणपणाचा किंवा मूर्खपणाचा वाटतो. निर्णय घेणाऱ्याच्या हातात त्या दिवशी काय माहिती होती, एवढंच आपण विचारायचं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रात वादळांचा दुसरा मोसम असतो. पहिला मान्सूनच्या आधी, दुसरा नंतर. तेव्हा 'पावसाळा संपला, समुद्र उघडला' हे वाक्य अर्धंच खरं आहे.

आणि यात खरोखर जीव गुंतलेले असतात. अमेरिकेतल्या ट्रायथलॉन शर्यतींमधल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १३५ घटना, त्यांतल्या ९० पोहताना घडलेल्या. सायकलवर आपण वेगात असतो, धावताना थकलेले असतो, तरी दोन तृतीयांश घटना पाण्यातल्या. पाण्यात थांबून दम घ्यायला जागा नसते आणि बाजूच्याला आपण अडचणीत आहोत हे पटकन कळत नाही. त्यात हंगामाची पहिली शर्यत म्हणजे चार महिन्यांत पहिल्यांदाच लाटेत उतरलेली माणसं, आणि पोहण्यासाठी १ तास १० मिनिटांची मर्यादा डोक्यावर.

मग तुम्ही काय करायचं?

तुमचा विषय खेळाचा नसेल. शेतसाऱ्याचा असेल, शाळांचा असेल, नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांचा असेल. पण कुठे ना कुठे 'हंगाम', 'मोसम', 'सत्र', 'वर्षारंभ' असा शब्द तुमच्या टिपणांत येणारच. तो आला की एवढं करा.

एक, कोणाचा हंगाम, ते लिहा. 'कोकणात' असं लिहून चालणार नाही. मच्छीमाराचा, चाकरमान्याचा, जकात गोळा करणाऱ्याचा, की स्पर्धकाचा?

दोन, त्याच जागी त्याच काळात चालणाऱ्या सगळ्या दिनदर्शिका एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. पंचांग, सरकारी वर्ष, हवामान, बाजार. जिथे दोन दिनदर्शिका एकमेकींशी भांडतात, तिथे बहुतेक वेळा तुमचा शोधनिबंध लपलेला असतो. 'जे आधी येईल' असं कुठे दिसलं तर तो कागद सोडू नका.

तीन, नमुना सापडला की लगेच नाचू नका. आधी त्याचं कंटाळवाणं कारण शोधा. ते सापडलं नाही, तर मग नाचा. आणि पाच उदाहरणांवरून 'नेहमी' हा शब्द लिहू नका.

चार, मोजायची फूटपट्टी कधी बदलली ते तपासा. १९५० चं कागदपत्र आणि २०२२ चं कागदपत्र दोन्ही 'सामान्य तारीख' म्हणतील, पण त्यांना एकच गोष्ट म्हणायची नसेल.

पाच, निकाल ठाऊक नसल्यासारखं लिहायचा प्रयत्न करा. हे सर्वांत अवघड, मलाही अजून नीट जमत नाही.

माझं ते वाक्य आता असं झालंय : "रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर समुद्र वापरायला सुरुवात होण्याचा दिवस मच्छीमार, सरकार, प्रवासी आणि स्पर्धक यांच्यासाठी वेगवेगळा होता, नारळी पौर्णिमा ही त्यांपैकी एक, सर्वांत जुनी आणि सर्वांत दिसणारी खूण होती." पहिल्याइतकं देखणं नाही. पण कुणी पेन्सिलने 'कोणाचा?' असं विचारलं तर उत्तर वाक्यातच आहे.

आणि भाट्याच्या किनाऱ्यावर तुम्हाला उभं करून ठेवलंय, ते विसरलो नाही. उतरायचं का? पंचांगात उधाण आहे की भांग ते बघा, हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा बघा, ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखापासून लांब राहा, आणि एकटे उतरू नका. राजिवड्याच्या बाजूला जाळी विणत बसलेल्या कुणा काकांना आधी विचारा. ते तारीख सांगणार नाहीत. पाण्याकडे बघतील आणि त्या दिवसापुरतं, त्या वेळेपुरतं सांगतील. त्यांनी 'आज नको' म्हटलं, तर त्या दिवशी धावायला जा. पाण्यात उतरायला उद्याचा दिवस आहेच.